सवयीची झापडं



‘आमचं पोर गणितात ढ आहे,’ असं आपण चटकन बोलून जातो. पण ते नेमकं कुठं अडलं, हे आपण पाहतो का?

अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. समजा, २१, १२७ आणि ३ मापं पाणी मावेल अशी तीन भांडी आहेत. मोजायचं आहे १०० मापं. मोठं भांडं भरा, त्यातून २१चं एकदा आणि ३चं दोनदा भरून काढा. झालं! याच रीतीची आणखी काही गणितं त्याने दिली. मग भांडी दिली २३, ४९ आणि ३ मापांची. हवं होतं २०. बहुतेकांनी पुन्हा तोच लांबचा हिशेब केला. वास्तविक २३मधून ३ काढले की काम संपलं! आधीची गणितं न सोडवलेल्यांना मात्र ही सोपी वाट दिसली.

म्हणजे बुद्धी कमी नव्हती, डोळ्यांवर सवयीची झापडं होती. लुचिन्सने काहींना मध्येच कागदावर ‘आंधळे होऊ नका’ असं लिहायला लावलं, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना जवळची वाट सापडली.

म्हणून माता-पित्यांनो, पोर अडलं तर हात उगारू नका. ‘दुसऱ्या रीतीनं करून बघ बाळा,’ एवढंच म्हणा. आणि घरच्या अडचणीत आपण स्वतःही तेच करून बघू या.

जयभीम!