दिवा लागला म्हणजे वीज चांगली, असं नाही
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्यापैकी कितीतरी घरांची सुरतेतली सुरुवात लूम्सच्या खात्यात झाली. उधना, पांडेसरा, लिंबायत भागात राबलेल्या त्या पिढीची मुलं आज कारखाने चालवतात, मेंटेनन्स सांभाळतात. म्हणून आज विजेबद्दल दोन शब्द.

वीज आहे की नाही, एवढंच आपण बघतो. ती कशी आहे, हे बघत नाही. व्होल्टेज पापणी लवण्याइतका वेळ खाली बसलं, तर घरातला दिवा फक्त लुकलुकतो. खात्यात मात्र कॉन्टॅक्टर सुटतो आणि लूम थांबतो. प्रोसेस हाऊसमध्ये स्टेंटर थांबला, तर गरम चेंबरमधलं कापड पिवळं पडतं. जेवढं कापड विणलं तेवढीच मजुरी, अशा कारागिराचा वाया गेलेला वेळ कोणी भरून देत नाही.

आता माझीच एक चूक सांगतो. एका खात्यात जुने दिवे काढून स्वस्तातले एलईडी लावले, ऑफिसात कॉम्प्युटर वाढले. बिल उतरलं, शेठ खूश. पुढे पॅनेलजवळ जळका वास येऊ लागला. मी तिन्ही फेजना क्लॅम्प मीटर लावला, करंट बेताचा. एमसीबीही पडत नव्हती. 'काही नाही' म्हणून परत आलो. आठवड्याभरात न्यूट्रलचा जोड जळून सुटला. न्यूट्रल सुटला की 230 व्होल्टच्या उपकरणावर 400 पर्यंत दाब जाऊ शकतो. दिवे, पंखे, कॉम्प्युटर उडाले. आत माणसं होती. आग लागली नाही ही बाप्पाची कृपा, माझी हुशारी नव्हे.

कारण काय? तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर न्यूट्रलमध्ये करंट शून्य, असं आपण शिकलो. ते खरं आहे, पण विजेची लाट स्वच्छ असेल तरच. एलईडी आणि कॉम्प्युटरमधली इलेक्ट्रॉनिक सर्किट्स करंट झटक्याझटक्यानं ओढतात. त्यातून 50 हर्ट्झच्या तिप्पट, म्हणजे 150 हर्ट्झचा 'तिसरा हार्मोनिक' निर्माण होतो. तिन्ही फेजचा हा करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना काटत नाही. त्याची बेरीज होते. न्यूट्रलचा करंट फेजच्या 1.7 पटीपर्यंत जाऊ शकतो. त्यावर बहुधा फ्यूजही नसतो, त्यामुळे तार मुकाट्यानं तापत राहते. शिवाय साधा मीटर वाकड्या लाटेचा करंट कमी दाखवतो. त्यासाठी 'ट्रू आरएमएस' मीटर लागतो. मी तर न्यूट्रलला मीटर लावलाच नव्हता!

म्हणून विनंती. नवी मशिनं किंवा दिवे बसवले की न्यूट्रल मोजा, जोड घट्ट आहेत का पाहा. ड्राइव्ह जास्त असतील, तर पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर जाणकाराला विचारून रिॲक्टरसह लावा. नाहीतर हार्मोनिकमुळे तेच फुटतात. वीज कंपनीकडे तक्रार जरूर करा, पण आधी मोजा. त्या खात्यातला बिघाड बाहेरून आला नव्हता, आमच्याच लोडनं केला होता.

या मंडपाची रोषणाईही एलईडीचीच आहे. काल कार्यकर्त्यांना घेऊन मी न्यूट्रल आणि अर्थिंग तपासलं. दोन जोड सैल निघाले; ते घट्ट केले, मगच आरतीला उभा राहिलो.

गणपती बाप्पा मोरया!