लांब रेणू आधी पोहोचतो



डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या चिपवर मी काम करतो. नेहमीच्या जेलमध्ये लहान तुकडे पुढे सटकतात, मोठे मागे रेंगाळतात. मधली सुट्टी संपली की जिन्यावर पाचवीची पोरं आपल्या मधून पुढे पळायची, तसंच!

पण २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या हान आणि क्रेगहेड यांनी चिपवर खोल कप्पे कोरले, मधे सुमारे १०० नॅनोमीटर उंचीच्या फटी ठेवल्या. तिथे लांब रेणू आधी पोहोचले. विद्यार्थी असताना हे वाचून मी समासात ‘छपाईची चूक’ असं लिहून मोकळा झालो.

चूक माझीच होती. कप्प्यात गोळा होऊन अडकलेला लांब रेणू फटीला जास्त जागी टेकतो. त्याचा एखादा वेढा आत शिरला, की विद्युतक्षेत्र बाकीचा रेणू ओढून नेतं. लहान रेणूला ही संधी कमी वेळा मिळते.

बाई, “उत्तर जुळलं नाही तर खोडू नका, कारण शोधा,” हे तुम्ही आठवीतच सांगितलं होतं. ते पान मी जपून ठेवलंय. समासातला शेराही खोडलेला नाही.