आधीं शब्द, मग वाद

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभेंत दिलेलें भाषण)



गर्भपात हें पाप कां, हें सांगण्यासाठीं मी येथें उभा नाहीं. तें काम आमचे धर्मगुरु माझ्याहून पुष्कळ चांगलें करितात. मला सांगावयाचें तें इतकेंच कीं, या विषयावरील वृत्त वाचतांना आपलें मत बनण्यापूर्वींच एखादा शब्द मनांत येऊन बसतो, आणि पुढील सारा वाद त्याच्याच आज्ञेंत चालतो.

हें अमेरिकेंत फार स्पष्ट दिसतें. तेथें 1973 सालीं सर्वोच्च न्यायालयानें गर्भपाताचा हक्क मान्य केला व 2022 सालीं तो निर्णय फिरविला. या मधल्या काळांत उभय पक्ष नांवांसाठींहि झगडले. एक पक्ष स्वतःस ‘प्रो-लाइफ’, म्हणजे जीवनाचा कैवारी म्हणवितो. दुसरा ‘प्रो-चॉइस’, म्हणजे निवडीच्या स्वातंत्र्याचा. 2010 सालीं तेथील एनपीआर या नभोवाणीसंस्थेनें हीं दोन्ही नांवें टाकून ‘गर्भपात-हक्कांचे पुरस्कर्ते’ आणि ‘गर्भपात-हक्कांचे विरोधक’ अशी जोडी स्वीकारली. वरवर पाहतां हा न्याय सारखाच वाटतो. पण ‘हक्क’ हा शब्द दोहोंकडे आहे, हें ध्यानांत घ्या. एक हक्कासाठीं उभा, दुसरा हक्काच्या आड! आईच्या पोटांतील बालकासाठीं कोणी उभा आहे, हें त्या जोडींत कोठेंच उमटत नाहीं.

2004 सालीं ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या पत्रांत तर मोठी गंमत झाली. रिचर्ड स्ट्राऊस याच्या एका संगीतनाटकांत नायिकेला सावली नाहीं, आणि सावली ही तेथें मातृत्वाची खूण आहे. समीक्षकानें जीवनाचें स्तोत्र या अर्थानें त्या नाटकास ‘प्रो-लाइफ’ हें विशेषण लाविलें. पत्राचा शिरस्ता त्या शब्दाच्या जागीं ‘गर्भपातविरोधी’ छापण्याचा. मजकूर तपासणारानें शिरस्ता पाळला, आणि ज्या नाटकांत गर्भपाताचा विषयच नाहीं, तें गर्भपातविरोधी ठरून वाचकांच्या हातीं पडलें! पत्रास दुरुस्ती छापावी लागली.

मात्र आपल्या बाजूचे लोक अगदीं सोंवळे आहेत असें मी म्हणणार नाहीं. ‘अर्धप्रसूत गर्भपात’ हा शब्द तेथील गर्भपातविरोधकांनींच काढिला. वैद्यकशास्त्रांत त्या नांवाची क्रिया नव्हती. वृत्तपत्रांनीं तो उचलला, आणि 2003 सालीं तो कायद्याच्या नांवांतच जाऊन बसला.

आतां आपल्या घरचें पाहूं. आपल्या देशांत 1971 च्या कायद्यानें गर्भपातास अटींवर मोकळीक मिळाली. मराठी पत्रें, मुलगी आहे म्हणून गर्भ पाडला तर ‘स्त्रीभ्रूणहत्या’ लिहितात. अन्य कारणानें पाडला तर ‘गर्भपात’. एका शब्दांत हत्या आहे, दुसऱ्यांत नाहीं. गर्भ मात्र तसाच. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशांतील पहिला कायदा महाराष्ट्रानें 1988 सालीं केला, त्याचा मला अभिमान आहे. परंतु स्त्रीहक्कांच्या चळवळींतील कांहीं मंडळी ‘हत्या’ टाळून ‘गर्भलिंगनिवड’ म्हणणें पसंत करितात. एके ठिकाणीं हत्या मान्य केली कीं दुसरीकडचें समर्थन अवघड होतें, हें त्यांनीं अचूक ओळखलें आहे. आपणच तें ओळखलेलें नाहीं.

आणखी एक. जुन्या आयुर्वेदांत चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर ‘गर्भस्राव’, पांचव्या-सहाव्यांत गेला तर ‘गर्भपात’ म्हणत. म्हणजे हें दुर्दैवाचें नांव होतें. आज दुर्दैव आणि कृत्य दोहोंस एकच शब्द आहे. ‘झाला’ कीं ‘केला’, एवढ्या क्रियापदावर सारें अवलंबून. आणि मथळ्यांत क्रियापद बहुधा नसतेंच.

आमच्या आळींतील एका बाईचें मूल पांचव्या महिन्यांत पोटांतच गेलें. दवाखान्याच्या कागदावर इंग्रजींत ‘अबॉर्शन’ लिहिलेलें कोणीतरी वाचलें. वार्ता पसरली. पुढें तीन रविवार ती मिस्सेला शेवटच्या बांकावर एकटी बसे. चौथ्या रविवारीं तिची सासू देवळाच्या पायरीवर उभी राहिली आणि सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणाली, “केला नाहीं हो, झाला!”

ते तीन रविवार तिच्याशीं न बोलणाऱ्यांत मीहि होतों.