परगावी फूल पाठविताना

कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्ष रामगिरीवर शापाचे दिवस कंठीत असता आषाढाच्या आरंभी त्याच्या दृष्टीस मेघ पडला. पत्नी दूर अलकानगरीत. तिच्याकडे निरोप धाडावयाचा तर हाच एक वाटसरू. परंतु मनातील गोष्ट उघड करण्यापूर्वी यक्षाने नुकतीच उमललेली कुटजाची फुले त्या मेघाला अर्पण केली, त्याचे स्वागत केले, आणि मगच तो बोलू लागला. कुटज म्हणजे महाराष्ट्राच्या रानांत आढळणारा कुडा. ही फुले पत्नीसाठी नव्हती, निरोप नेणाऱ्यासाठी होती. ज्याच्या हातून आपले मन दूरच्या माणसापर्यंत जावयाचे, त्याचा मान प्रथम राखावा, ही जाण त्या विरहव्याकुळ यक्षालाही होती.

आज परगावी राहणारी कित्येक मुले आपल्या आईवडिलांना वाढदिवशी, सणावारी अथवा आजारपणात फुले पाठवितात. पाठविणारा सुरतेस, पुण्यास, मुंबईस किंवा थेट समुद्रापलीकडे असतो, आणि घेणारे नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर अशा गावी. या व्यवहारात मेघाचे काम कोण करतो, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा रीतीने पाठविलेली फुले बहुधा प्रवास करीतच नाहीत. प्रवास करतो तो केवळ निरोप. ही कल्पना जुनी आहे. १९०८ साली बर्लिनच्या माक्स ह्यूबनर या फुलविक्रेत्याने निरनिराळ्या गावच्या समव्यवसायी दुकानदारांचा एक संघ उभारला. पुढे १९१० साली अमेरिकेतील काही फुलविक्रेत्यांनी तारेच्या साहाय्याने हाच उपक्रम सुरू केला. युक्ती अगदी साधी होती. एका शहरातील गिऱ्हाइकाने आपल्या ओळखीच्या दुकानात पैसे भरावयाचे. त्या दुकानदाराने दुसऱ्या शहरातील दुकानदारास तार करावयाची. आणि त्याने आपल्याजवळची ताजी फुले दिलेल्या पत्त्यावर पोहोचवावयाची. नाशवंत वस्तूचा प्रवास वाचला आणि तिचा अर्थ तेवढा तारेवरून धावला. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली. तारेची जागा आता भ्रमणध्वनीने घेतली आहे; परंतु व्यवहाराचा सांगाडा तोच राहिला आहे. शेवटी फूल निवडतो, बांधतो आणि दारात नेऊन देतो तो त्या गावचा फुलवालाच.

महाराष्ट्राला घरपोच फूल ही गोष्ट मुळीच नवी नव्हे. पहाटे दाराच्या कडीला अडकविलेली फुलपुडी अनेक पिढ्यांनी पाहिली आहे. पळसाच्या नाहीतर केळीच्या पानात चार झेंडू, दोन शेवंत्या, थोड्या दूर्वा, एखादे बेलपान. वर दोऱ्याचा एक वेढा. महिनाअखेर हिशेब व्हावयाचा. गावगाड्यात गुरवाने घरोघर बेल व पत्रावळी पुरवावयाच्या आणि त्याचा वाटा त्याला सुगीत मिळावयाचा, हीही त्याच जातीची व्यवस्था होती. फुलपुडी देणाऱ्याला घर ठाऊक असे. घरात सोयर आहे की सुतक, गणपती बसले आहेत की मुलीचे लग्न ठरले आहे, हे त्याला न सांगता कळे.

नंदुरबारसारख्या गावातील फुलवाला याच परंपरेतला आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. लोहमार्गाने गावात व्यापार आणला, तशी गावची मुले बाहेरही नेली. येथील फुलवाल्याचा मुख्य उद्योग हारांचा. देवाचे हार, नवरानवरीचे हार, सत्काराचे हार आणि शेवटच्या यात्रेचेही हार. त्याचे वर्ष गणेशोत्सव, नवरात्र, दसरा, दिवाळी आणि लग्नसराई यांनी आखलेले असते. त्याच्या टोपलीत झेंडू, शेवंती, निशिगंध, मोगरा, देशी गुलाब असावयाचे. काचेच्या कपाटातील परदेशी फुलांचा ताटवा हा त्याच्या दुकानाचा स्वभाव नव्हे.

आणि येथेच घोटाळा होतो. पाठविणारा चित्र पाहून फुले निवडतो. चित्रात लांब दांड्याचे बारा लाल गुलाब असतात, नाहीतर रंगीबेरंगी जरबेरा. चित्र दाखविणारा मध्यस्थ एका गावी, फुलवाला दुसऱ्या गावी. मध्यस्थ आपला वाटा कापून घेतो आणि उरलेल्या रकमेत चित्राबरहुकूम गुच्छ देण्याची जबाबदारी ज्याने ते चित्र कधी काढले नाही, त्या माणसावर येऊन पडते. असे गुलाब तळेगाव दाभाड्याच्या परिसरातील हरितगृहांतून निघावयाचे, खोक्यांत बंद होऊन रात्रभर गाडीत हिंदकळावयाचे, आणि चाळीस अंशांच्या वर चढलेल्या मे महिन्याच्या उन्हात नंदुरबारला उतरावयाचे. थंडाव्यातून बाहेर आलेला गुलाब अशा उष्म्यात संध्याकाळपर्यंत मान टाकतो. जरबेऱ्याचा पोकळ दांडा तर पाणी तुटताच वाकतो. गुच्छ घेणारी आई मुलाच्या प्रेमाला नावे ठेवीत नाही. परंतु मुलाला वस्तुस्थितीही सांगत नाही. “फार छान होती हो फुले!” एवढेच ती म्हणते. देणाऱ्याने वस्तू पाहिली नाही आणि घेणाऱ्याने किंमत पाहिली नाही. अशा व्यवहाराला साक्षी एकटा फुलवाला. त्याच्या सचोटीवाचून या भेटीला दुसरा आधार नाही.

मग शहाणपणाची रीत कोणती? चित्र बाजूला ठेवावे आणि माणसाशी बोलावे. गावात एखादे नातेवाईक अथवा जुने शेजारी असतातच, त्यांच्याकडून विश्वासू फुलवाल्याचे नाव घ्यावे आणि त्याला स्वतः विचारावे, “दादा, परवा सकाळी तुमच्याकडे ताजे काय असेल?” हा एक प्रश्न बाराशे चित्रांच्या तोलाचा आहे. उन्हाळ्यात तो मोगरा सांगेल. हिवाळ्यात शेवंती, कारण ती आठवडाभरही टिकते. निशिगंधाची छडी घेतली तर तिच्या कळ्या खालून वर क्रमाक्रमाने उमलतात, आणि घरातील माणसांना रोज सकाळी नवे फूल पाहावयास मिळते. मागणी दोन दिवस आधी द्यावी. पत्ता देताना घराची खूण सांगावी. रक्कम ठरवून द्यावी, पण निवड त्याच्यावर सोपवावी. दसरा-दिवाळीच्या आदल्या दिवशी मात्र त्याच्याकडे गुच्छाचा आग्रह धरू नये. त्या दिवशी त्याचे सगळे घर झेंडूच्या राशीत बसलेले असते आणि भावही चढलेला असतो. अशा वेळी हारच मागवावा. आईने तो देवाला घातला तर भेटीचे मोल कमी होत नाही. किंबहुना मराठी घरात भेटीचे फूल आधी देवापुढे आणि मग माणसापुढे, हाच क्रम आहे. पुष्कळ घरांत गुच्छ ठेवावयास फुलदाणी नसते. देव्हारा मात्र असतो.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. समजा, पुण्यास असलेल्या एका मुलाला आपल्या आईच्या पंचाहत्तरीनिमित्त फुले पाठवावयाची आहेत. लहानपणापासून त्याच्या डोळ्यांपुढे आईच्या अंबाड्यावरचा मोगऱ्याचा गजरा आहे. तो फुलवाल्याला म्हणतो, “मोगऱ्याचा चांगला भरगच्च गजरा पाठवा.” फुलवाला घर ओळखतो. त्या घरचे यजमान गेल्याला काही वर्षे झाली, हेही तो जाणतो. तो क्षणभर थांबतो आणि हळूच विचारतो, “गजरा चालेल ना भाऊ, आईंना?”

हे थांबणे कोणत्याही चित्राला साधत नाही. पती गेल्यावर केसांत फूल माळणे सोडलेल्या स्त्रिया महाराष्ट्रात घरोघर आहेत. कोणी ते लोकांच्या धाकाने सोडले, कोणी दुःखाने, कोणी केवळ रीत म्हणून. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढून घेणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ठराव योग्यच होता. तथापि ठरावाने रीत बंद होते. वर्षानुवर्षे मिटलेले मन एका कागदाने उघडत नाही. दूरच्या मुलाने गजरा पाठविला आणि शेजारणींच्या देखत तो आईच्या हातात पडला, तर तिला आनंद होईल की संकोच, हे मुलाने आधी जाणून घेतले पाहिजे. आणि तिला संकोच होईल असे परस्पर ठरवून तिच्या वाट्याचे फूल काढून घेण्याचाही अधिकार कोणाला नाही. मुलाला नाही, फुलवाल्यालाही नाही.

अशा वेळी जुनी फुलपुडीच वाट दाखविते. ओंजळभर मोगऱ्याच्या कळ्या, न ओवलेल्या, पानात बांधून आईकडे पाठवाव्यात. सकाळी खुडलेली कळी सायंकाळी उमलते आणि रात्रभर दरवळते. त्या कळ्या आईने देवाला वाहाव्यात, उशाशी वाटीत ठेवाव्यात, शेजारच्या लेकीबाळींना वाटाव्यात, अथवा सुईदोरा घेऊन स्वतःच गजरा ओवावा आणि वाटले तर माळावा. निवड तिची राहिली. उत्तम भेट तीच, जी घेणाऱ्याला मोकळे ठेवते.

फुले घरी पोहोचल्यावर त्यांची थोडी निगा राखावी लागते. दांड्याचे टोक पाण्यात धरून तिरपे कापावे, म्हणजे आत हवेचा बुडबुडा शिरून पाण्याची वाट अडत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, नाहीतर ती कुजतात आणि पाणी नासते. पाणी रोज बदलावे. आणि शहादा-तळोद्याच्या घरांसाठी एक विशेष सूचना. हा मुलूख केळीचा आणि पपईचा. घरात पिकलेली फळे असावयाचीच. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो. तो फळाला पिकवितो, तसाच फुलालाही अकाली म्हातारे करतो. म्हणून फुलांचे भांडे फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नये. एकाच घरात दोघांचेही स्वागत करावे, पण निरनिराळ्या कोपऱ्यांत.

असो. इतकी काळजी घेऊनही पाठविलेल्या फुलाला एक मर्यादा आहेच, आणि ती नंदुरबार गावच शिकविते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी या गावात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यात शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे सोबती लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हुतात्मे झाले. संस्कृत कवींनी ज्या फुलाला कोमलतेची परिसीमा मानले, त्या शिरीषाचे नाव त्या मुलाला होते. दर वर्षी त्या दिवशी त्याच्या स्मारकापाशी फुले वाहिली जातात. तेथे फूल पोहोचणे पुरेसे नसते. फूल घेऊन जाणारे माणूस तेथे उभे राहावे लागते.

आईवडिलांच्या बाबतीतही असेच आहे. पाठविलेले फूल मुलाच्या येण्याची जागा घेऊ शकत नाही; ते फार तर येण्याचे वचन देऊ शकते. म्हणून फुलांसोबत छापील शुभेच्छा न धाडता स्वतःच्या शब्दांत दोन ओळी फुलवाल्याला सांगून लिहवून घ्याव्यात, आणि त्यांत येण्याची तिथी घालावी. फूल दोन दिवसांत सुकेल. तिथी मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आईच्या हातची खूण होऊन राहील.

आणि त्या तिथीला गाडीतून उतरल्यावर घरी जाण्यापूर्वी वाटेत क्षणभर त्या फुलवाल्याच्या दुकानी थांबावे. “दादा, तुम्ही दिलेली फुले पोहोचली,” एवढे म्हणावे. आईसाठी फुले मात्र त्या दिवशी स्वतः निवडून, स्वतःच्या हाताने घरी न्यावीत. यक्षाने मेघाला आधी फुले दिली. त्या निरोप्याचा सत्कार पोहोचल्यावर केला, तरी तो उशिरा झाला असे कोणी म्हणणार नाही.