मधल्या स्टेशनावर चढताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. नफा-तोट्याची गणितं मला शाळेत सुटली नाहीत आणि पुढे संसारातही सुटली नाहीत. अशा माणसानं बी.बी.ए.बद्दल, म्हणजे व्यवसाय-व्यवस्थापनाच्या पदवीबद्दल बोलायचं म्हटल्यावर आमच्या मोहोळच्या चहाच्या हॉटेलात हशा पिकला असणार. पण गेली दोन वर्षं आमच्या घरात दुसरा विषय नाही, म्हणून धीर करतो.

मोहोळ हे सोलापूर-पुणे लोहमार्गावरचं गाव. गाडी सोलापुरात भरते. तिथे चढलेले लोक खिडकी धरून, डबे उघडून निवांत बसलेले असतात. मोहोळला चढणारा दाराशी उभा, पिशवी दोन पायांत धरलेली. कुर्डुवाडीला कुणी उतरलं तर टेकायला जागा, नाहीतर थेट दौंड. तिकीट दोघांकडेही असतं, पण एकजण आधी चढलेला असतो. आमच्या धाकटीच्या शिक्षणाचं असंच झालं.

माझे वडील एस.टी. स्टँडजवळ सायकली भाड्यानं देत. तासावर सायकल, पंक्चर, हवा, असा धंदा. त्यांची उधारीची वही अजून माझ्या कपाटात आहे. त्या वहीत मला नेहमी कविताच दिसली. कारण नावांपुढे वडील खुणेसाठी काहीबाही लिहीत : ‘लंगडा मास्तर’, ‘उसाचा गाडीवान’, ‘लग्नानंतर देईन म्हणाला’. धाकटीनं बारावीला असताना ती वही चाळली आणि मला विचारलं, “अब्बा, दादाअब्बांनी सायकलींचा घसारा धरलाच नाही का?” मला घसारा म्हणजे घसरगुंडी वाटली. तिनं समजावलं : सायकल दर वर्षी झिजते, तिची किंमत कमी होते, ती तूट हिशेबात धरावी लागते. ती धरली तर दादाअब्बांचं दुकान बरीच वर्षं तोट्यात चाललं होतं. चाळीस वर्षांत आम्हाला कुणालाही न उमगलेली गोष्ट त्या पोरीनं एका दुपारी सांगितली. वडील रात्रंदिवस राबूनही घरात पैसा का टिकला नाही, याचं उत्तर त्यात होतं.

अशी मुलगी. २०२४ साली वाणिज्य शाखेतून बारावीला चांगले गुण मिळाले. तिच्या दोन मैत्रिणी पुण्याला निघाल्या. तिनं विचारलं आणि मी नाही म्हणालो.

इथे मला खरं बोललं पाहिजे. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी कॉलेजातला पोरगा, मांडव गाठून मागच्या रांगेत बसलो होतो. त्यानंतर मीही व्यासपीठांवर बाईच्या मोकळेपणाच्या कविता वाचल्या, टाळ्या घेतल्या. आणि घरात मुलगी पुण्याला जाऊ का म्हणाली तेव्हा म्हणालो, “सोलापूर काय वाईट आहे? बी.कॉम. कर, घरून ये-जा कर.” कारणं होती. मी शाळेतला लिपिक, पगार बेताचा. पण पैशाचं कारण मी पुढे केलं, भीतीचं मागे ठेवलं.

तिनं निमूटपणे बी.कॉम.ला नाव घातलं. त्याच वर्षी बाहेर मोठी उलथापालथ चालली होती, तिचा आम्हाला पत्ता नव्हता. २०२४-२५ पासून बी.बी.ए., बी.एम.एस. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी लागू झाली. मे महिन्यात पहिली परीक्षा झाली. जागा इतक्या रिकाम्या राहिल्या की ऑगस्टमध्ये पुन्हा एक घ्यावी लागली. दोन्हींची बातमी आमच्या घरापर्यंत आली नाही. मी वर्तमानपत्रात साहित्याची पुरवणी वाचतो, प्रवेशाचं पान वाचत नाही. काही कॉलेजांनी म्हणे या नव्या व्यवस्थेतून सुटण्यासाठी अभ्यासक्रमाचं बारसंच नव्यानं केलं, बी.एम.एस. होतं ते बी.कॉम.चं पोटनाव लावून उभं राहिलं. ज्याच्या घरात हे कळणारा माणूस आहे त्याला ही गंमत, आमच्यासारख्याला चकवा.

पहिलं वर्ष सरत आलं तेव्हा एका रात्री धाकटी म्हणाली, “अब्बा, बीच में से जाने कू आता क्या?” म्हणजे, मधूनच जाता येतं का? पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात बी.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. या खेपेला मी नाही म्हणालो नाही. दोघं मिळून पुण्याला गेलो.

जाताना टेंभुर्णीच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस. पुण्यात १९४३ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं वाणिज्य महाविद्यालय काढलं, त्याला ‘बृहन्महाराष्ट्र’ हे नाव आहे ते बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या देणगीमुळे. आणि त्या सिंडिकेटचा साखर कारखाना आपल्या जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरला. धाकटीला हवं होतं ते कॉलेज हे नव्हे. पण सोलापूर जिल्ह्याचा ऊस पुण्याच्या कॉलेजात केव्हाच पोचला, मुलगी अजून वाटेत होती, असं काहीतरी मनात आलं. प्रवासात कवीला असले चाळे सुचतात.

कॉलेजच्या खिडकीतला माणूस सज्जन होता. त्यानं आम्हाला बसवून समजावलं. दुसऱ्या वर्षात जागा रिकामी होते ती कुणी सोडून गेलं किंवा मागे राहिलं तरच. ती झाली तरी मुलगी बी.बी.ए.च्या पहिल्या वर्षातूनच आलेली हवी, बी.कॉम.चे विषय त्याला जुळत नाहीत. शिवाय विद्यापीठ वेगळं. म्हणजे आधीच्या कॉलेजचा दाखला, सोलापूर विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र, पुण्याची पात्रता, सगळं आलं. धाकटीनं विचारलं, “पण क्रेडिट बँकेचं काय?” तिचा प्रश्न बरोबर होता. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं श्रेयांकांची बँक सुरू केली. मुलानं एका ठिकाणी मिळवलेले श्रेयांक तिथे जमा होतात. वर्षाला किमान चाळीस, तीन वर्षांच्या पदवीला एकशेवीस. हेतू हाच की विद्यार्थ्याला मध्येच थांबता यावं, दुसरीकडे जाता यावं. तो गृहस्थ हसून म्हणाला, “बाळ, पैसे तुझ्या खात्यात आहेतच. पण इथे बसायला खुर्ची रिकामी नाही.”

परतताना ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं मला अमेरिकेची एक गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियात १९६० साली उच्च शिक्षणाचा आराखडा केला. गावोगावच्या स्वस्त, दोन वर्षांच्या कॉलेजांत शिकून मुलांनी मोठ्या विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला यावं, असं त्यात ठरवलं. नुसतं ठरवलं नाही, तर विद्यापीठात खालच्या दोन वर्षांत शंभरातले चाळीस आणि वरच्या दोन वर्षांत साठ विद्यार्थी असावेत असं प्रमाणच घालून दिलं. म्हणजे मधून येणाऱ्यांसाठी खुर्च्या मुद्दाम मोकळ्या ठेवल्या. बर्कलीची नावाजलेली व्यवसाय-शाळा तर कित्येक वर्षं मुलांना तिसऱ्या वर्षालाच घेई. पहिल्या वर्षापासूनचा चार वर्षांचा अभ्यासक्रम तिथे २०२४ मध्ये आला. आपण बँक काढली, खुर्च्यांचं बघितलं नाही, असं माझं मत झालं. तिकडचं सगळं सोन्याचं असेल असं नाही. पण उशिरा जाग आलेल्या मुलाला ढ समजायचं नाही, एवढं त्यांनी कागदावर तरी लिहून ठेवलं.

आता वाट एकच उरली. सीईटी देऊन पुन्हा पहिल्या वर्षाला बसायचं. एक वर्ष वाया. मी अडलो तो इथे. आमच्या हॉटेलातल्या बैठकीत एक निवृत्त गुरुजी असतात, त्यांच्यापुढे मी रडगाणं गायलो. ते म्हणाले, “मुंबईचं सिडनहॅम कॉलेज माहीत आहे? १९१३चं. आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय. तिथे बाबासाहेब आंबेडकर प्राध्यापक होते, १९१८ ते १९२०. का होते? लंडनचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं होतं. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली, परतावं लागलं. पण येताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली होती. नोकरी करून पैसे साठवले, काही उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. तू एका वर्षाचं काय घेऊन बसलास?” मी म्हणालो, “गुरुजी, ते बाबासाहेब होते.” गुरुजींनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, “तुझी पोरगी कोण आहे हे अजून ठरायचंय ना? मग तू आधीच कशाला ठरवतोस?”

धाकटी परीक्षेला बसली. दीड तासात शंभर प्रश्न, त्यातले चाळीस इंग्रजीचे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे तिथेच दमछाक. बी.कॉम.ची परीक्षा आणि ही तयारी एकाच वेळी. पहाटे ती स्वयंपाकघरात इंग्रजी उतारे मोठ्यानं वाचायची आणि तिची अम्मी एक अक्षर न कळता “हौ, हौ” म्हणत पोळ्या लाटायची. निकालात टक्क्यांऐवजी पर्सेंटाइल आलं, त्यावरून मी दोन दिवस गोंधळात. प्रवेशाच्या फेऱ्या झाल्या. हवं होतं ते कॉलेज मिळालं नाही. तिच्या यादीतलं तिसरं मिळालं, पुण्यातलंच. ती म्हणाली, चालेल.

मग दाखल्याची वेळ आली. श्रोतेहो, शाळेत दाखले लिहिण्यात माझी उमर गेली. दाखल्यावर एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. मुलांच्या दाखल्यावर ‘पुढील शिक्षणासाठी’ आणि कितीतरी मुलींच्या दाखल्यावर ‘पालकांच्या विनंतीवरून’. या चार-दोन शब्दांमागे काय असायचं ते मला माहीत असायचं. लग्न ठरलेलं असायचं, किंवा गावात आठवीच्या पुढे शाळा नसायची, किंवा नुसतीच माझ्यासारखी भीती. सुवाच्य अक्षरात, निळ्या शाईनं मी ते लिहीत आलो. धाकटीचा कॉलेजचा दाखला हातात आला तेव्हा मी आधी तो रकाना बघितला. ‘पुढील शिक्षणासाठी’ असं छापलेलं होतं. छापील अक्षराचं इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

पुण्यात खोली शोधताना दोन ठिकाणी नाव सांगितल्यावर खोली कालच गेलेली निघाली. त्याबद्दल इथे अधिक बोलत नाही. तिसऱ्या दिवशी मुलींच्या एका वसतिगृहात जागा मिळाली. तिची खोलीतली सोबतीण लातूरकडची. पहिल्याच रात्री दोघींनी शेंगाचटणी वाटून खाल्ली. बी.कॉम.चे जमा झालेले श्रेयांक नव्या अभ्यासक्रमात थोडेतरी धरावेत, म्हणून तिनं कॉलेजात अर्ज दिला. भाषा आणि पर्यावरणासारखे विषय तरी धरले जातील अशी तिला आशा होती. पुष्कळ दिवस उत्तर नव्हतं. ती दर सोमवारी जाऊन विचारते, हे मला तिच्या सोबतिणीकडून कळलं.

वर्गात ती इतरांपेक्षा एका वर्षानं मोठी. ते तिला खुपतं का, असं मी एकदा फोनवर विचारलं. म्हणाली, “अब्बा, जमाखर्चाच्या तासाला सगळ्या माझ्याकडेच येतात.”

जाताना तिनं दादाअब्बांची उधारीची वही मागून नेली. परवा फोन आला. एखाद्या छोट्या धंद्याचा अभ्यास करून लिहायचं काम मिळालं आहे आणि तिनं आमचं सायकलचं दुकान घेतलं आहे. “अब्बा, १९७८ मध्ये नवी सायकल कितीला मिळायची? घसारा काढायचाय.” मला काही सांगता आलं नाही. संध्याकाळी स्टँडवर जाऊन जुन्या माणसांना विचारलं. एक म्हणतो अडीचशे, दुसरा शपथेवर सांगतो साडेतीनशे. तिसऱ्यानं किंमत सांगितली नाही. त्याच्याकडे वडिलांची तेव्हाची दोन तासांची भाड्याची बाकी आहे म्हणाला, आणि खिशात हात घातला. मी ती घेतली नाही. दोन्ही किमती कागदावर लिहून घेतल्या आहेत, रात्री तिला कळवायच्या आहेत.