पोळ्याचे पुरण आणि मायची रुखरुख

(आष्टी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आष्टीत बोलायला उभे राहणाऱ्याला नागपंचमीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस होता. पोलीस ठाण्याकडे निघालेल्या लोकांवर त्या दिवशी गोळ्या झाडल्या गेल्या, गावची माणसे पडली, पोलीसही मारले गेले. पुढे खटले चालले, जबर शिक्षा झाल्या. गाव तेव्हापासून शहीद आष्टी म्हणून ओळखले जाते. हा इतिहास येथील शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. परंतु मोर्चात गेलेली ती माणसे सणाच्या घरांतून बाहेर पडली होती. नागपंचमीला तवा चढवायचा नाही, विळीवर काही चिरायचे नाही, जे करायचे ते उकडून करायचे, असा शिरस्ता आहे. तो पाळून चुलीपुढे बसलेल्या बाया इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाहीत. ज्या घरचा कर्ता तुरुंगात गेला, त्या घरी पुढच्या वर्षीचा सण पोरांपुढे कोणी आणि कसा पार पाडला असेल, हा प्रश्नही कोणाला पडल्याचे दिसत नाही.

आजचा विषय त्या चुलीजवळचाच आहे. सणाला घरात जो गोड घास व्हायचा तो करता आला नाही, म्हणून आईच्या मनाला लागणारी रुखरुख हा तो विषय. पक्षाच्या व्यासपीठावर याची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. कापसाचा भाव, पाणी, वीज, कर्ज हे प्रश्न समोर असताना पुरणपोळीची काय कथा? पण ज्या बायांच्या जोरावर मोर्चे भरतात, त्यांच्या मनात सणाच्या रात्री काय चालते हे ज्याला ठाऊक नाही, त्याने शेतमजुरांचे संघटन करण्याच्या गोष्टी करू नयेत.

पोळ्याचा दिवस घ्या. आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळून शेकायचे, त्यांना जेवणाचे आवतण द्यायचे. पोळ्याला त्यांच्या मानेवर जू ठेवायचे नाही. शिंगे रंगवायची, झूल घालायची, तोरणाखाली उभे करायचे, झडत्या म्हणायच्या आणि घरी आणून पुरणपोळी भरवायची. दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असे सांगतात. लाकडी बैल दोरीने ओढत पोरे घरोघर जातात आणि बोजारा मिळवतात. विदर्भाबाहेरच्या माणसाला या दिवसाची गोडी सांगून कळायची नाही.

आता मजुरीवर जगणाऱ्या घरात या दिवशी काय होते ते पाहावे. श्रावणाची झड लागली की वावरात जाता येत नाही आणि रोजी बुडते. तणनाशके आल्यापासून निंदणाचे दिवसही घटले आहेत. जूनमध्ये पोरांच्या वह्यापुस्तकांसाठी आणि घरावरच्या ताडपत्रीसाठी केलेली उसनवारी अजून फिटलेली नसते. अशा वेळी हरभऱ्याची डाळ, गूळ, तूप, तेल हे सगळे एकाच दिवशी आणायचे असते. ते जमले नाही की माय कणकेत गुळाचे पाणी घालते आणि चार गुलगुले तळते. पोरगे शेजारच्या घरी पुरण खाऊन येते आणि सहज बोलून जाते. त्याच्या बोलण्यात तक्रार असेलच असे नाही. मायच्या तोंडून मात्र एवढेच निघते, "औंदा नाई जमलं, बाबू." त्या चार शब्दांत तिने सगळा दोष स्वतःकडे घेतलेला असतो. पाऊस, दुकानदाराची वही, बुडालेली रोजी यांतले काहीच ती बोलून दाखवत नाही. तिच्या हिशेबी ती कमी पडली, बस.

दिवाळीला चित्र पालटते. पण पालटून काय होते? पऱ्हाटी फुटलेली असते, वेचणी किलोवर असते, हातात थोडा पैसा खेळू लागतो. मात्र त्याच पंधरवड्यात पहाटे डबा बांधून बाईला वावर गाठावे लागते. अवकाळी पाऊस आला तर कापूस भिजेल या धास्तीने शेतकरी घाई करतो, आणि जेवढे किलो जास्त तेवढे पैसे जास्त म्हणून बाईही थांबत नाही. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात, त्यांचे पाणी रोज बदलावे लागते. करंज्या लाटायला दोन जणी लागतात. पोळ्याला तिच्याजवळ वेळ असतो, पैसा नसतो. दिवाळीला पैसा येऊ लागतो तेव्हा वेळ उरत नाही. कापूसपट्ट्यातल्या मजूर बाईचे सणांचे वर्ष या दोन टोकांत अडकलेले आहे. बाजारातून फराळाचा पुडा आणून तिने वेळ मारून नेली, तरी सासू आहे, शेजारीण आहे, आणि सर्वांत कठोर असे तिचे स्वतःचे मन आहे. विकतचे आणले, हातचे केले नाही, ही टोचणी पुडा संपला तरी राहते.

पोळ्याचाच आणखी एक धागा. वर्षभर राबणाऱ्या बैलाच्या मानेला एक दिवस मोकळीक हवी, हे या समाजाला शेकडो वर्षांपूर्वी कळले आणि त्याने त्याचा सण केला. ही मोठी सुसंस्कृत गोष्ट आहे. पण बैलाच्या त्या विश्रांतीच्या दिवशी घरातली बाई पहाटे उठून डाळ शिजत घालते, पुरण वाटते, धुराने डोळे चोळत पोळ्या लाटते, बैलाला भरवते, माणसांना वाढते आणि उरले तर स्वतः खाते. हा विरोधाभास कोणाला टोचत नाही. बैलाच्या खांद्याची जेवढी काळजी झाली, तेवढी तिच्या खांद्याची झालेली नाही.

येथे साने गुरुजींचे स्मरण अपरिहार्य आहे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, आणि समाजवादी घरांतल्या कित्येक पिढ्या तिच्यावर वाढल्या. त्या पुस्तकात अळणी भाजीची गोष्ट आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता, भाजी चांगली झाल्यासारखी जेवतात; मुलेही तसेच करतात. नंतर स्वतः जेवताना आईला चूक कळते आणि तिला वाईट वाटते. वडिलांचा संयम शिकवावा म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, आणि तो संयम खरोखर शिकण्यासारखा आहे. तो आजही किती घरांत आढळतो, हे ज्याने त्याने स्वतःच्या घरी पाहावे. तरीपण गुरुजींविषयीचा सारा आदर ठेवून एक प्रश्न उरतो. कामाच्या रगाड्यात बाई मीठ विसरली, तर तिला वाईट का वाटावे? घरातील सर्वांनी तिला सांभाळून घेतले, पण तिचे ओझे कोणी वाटून घेतले का? मराठी मनाने आईचे हे वाईट वाटणेच तिच्या थोरवीचे लक्षण ठरवले. तिच्या थकव्याकडे त्यामुळे दुर्लक्ष झाले.

पुरोगामी कार्यकर्त्यांचे या प्रश्नाला एक ठरीव उत्तर असते. सण हे रूढींचे अवशेष आहेत, पुरणपोळी नाही केली तर काय बिघडले, बाईने हा खुळा अपराधभाव टाकून द्यावा. हे उत्तर दिसायला क्रांतिकारक आहे; प्रत्यक्षात ते फार स्वस्त आहे. ते देणाऱ्याच्या ताटात बहुधा पुरणपोळी पडलेली असते. खेरीज वर्षातून एक दिवस पोराच्या तोंडात गोड घास पडावा, या इच्छेत खुळे काय आहे? आईकडून मुलीकडे आलेला हाताचा गुण, पुरण किती आटवायचे, पोळी कडेपर्यंत कशी भरायची, ही गरिबांजवळची थोडीथोडकी ठेव आहे. ज्यांच्याजवळ जमीन नाही, सोने नाही, त्यांनी ती ठेवही टाकून द्यावी असे सांगणे हा कसला समाजवाद? बाईची इच्छा रास्त आहे. ती पुरी होत नाही याचा दोष मात्र तिच्या खात्यावर चुकीने मांडलेला आहे. ते खाते दुरुस्त करणे हे कार्यकर्त्याचे काम.

महाराष्ट्रात हे काम एकदा फार जोमाने झाले होते. १९७२च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांच्या मागे मुंबईच्या हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. डब्यात डाळ-तेल नाही हा गृहिणीच्या नाकर्तेपणाचा पुरावा नसून साठेबाजाचा आणि सरकारचा गुन्हा आहे, हे त्या लाटण्यांनी ठणकावून सांगितले. जी गोष्ट स्वयंपाकघरात लाज म्हणून लपवली जात होती, ती रस्त्यावर मागणी झाली. अर्थात मोर्चा संपल्यावर लाटणे परत त्याच हातात गेले, हेही खरे.

धान्याची बाजू पुढे काही अंशी सरकारला उचलावी लागली. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने 'आनंदाचा शिधा' म्हणून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिले. अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांबरोबर शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तो लागू केला. त्यांत वर्धा जिल्हा होता. सणाचा गोड घास हा शासनाने दखल घेण्याचा विषय आहे, एवढे त्यातून मान्य झाले. ही दखल वर्षागणिक सरकारच्या मर्जीवर राहू नये, हा भाग वेगळा. पण पिशवीत रवा आला, तरी लाडू वळायला लागणारी दुपार कोठून यायची? ती रेशनच्या दुकानात मिळत नाही.

ती दुपार मिळते कोणाला? कारखान्यातील कामगाराला सणाची भरपगारी सुट्टी आहे. १९६५च्या कायद्याने त्याला बोनसचा हक्क दिला, किमान ८.३३ टक्के. गिरणगावात बोनस झाला की किराणा दुकानांपुढे रांगा लागत, आणि त्या फराळामागे युनियनचा लढा आहे हे प्रत्येक घराला कळत असे. शेतमजूर बाईला यातले काय मिळाले? १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. वावरात बाईची रोजी पुरुषापेक्षा कमी ठेवण्याची रीत त्यानंतरही मोडली नाही. तिची सुट्टी म्हणजे बुडालेली रोजी. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना आल्यापासून या जिल्ह्यात कापसाच्या भावावर किती सभा झाल्या असतील, गणती नाही. २००६ साली पंतप्रधानांनी वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात व्याजमाफी होती, सिंचन होते, बियाणे होते. बोंड वेचणाऱ्या बाईच्या सणाच्या दिवसाचा विचार त्या सभांतही क्वचितच झाला. शेतकऱ्याला भाव मिळाला पाहिजे, याबद्दल वाद नाही. त्या भावात तिच्या दोन सुट्ट्यांचे मोल धरले पाहिजे, असे म्हणायला कोणाची हरकत असावी?

आणि आता घरातली गोष्ट. भारत सरकारने २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशव्यापी पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असे काम करणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात थोडी आहे. हे आकडे सर्व वर्गांचे आहेत, सर्व जातींचे आहेत, आणि पक्षाचे सभासद त्यांतून वगळलेले नाहीत.

याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या आश्रमात स्वयंपाकघराची कामे स्त्री-पुरुष मिळून करीत. भाजी चिरणे, भांडी घासणे यांत कमीपणा नाही, हे गांधीजींनी मोठमोठ्या माणसांना कामाला लावून दाखवले. तेथे पुरणपोळी नव्हती म्हणा. अस्वादाचे व्रत त्यांचे होते, आष्टीच्या पोराचे नाही. पण स्वयंपाक वाटून घेता येतो हे वर्धा जिल्ह्याला बाहेरून शिकवण्याची गरज नाही. उलट कार्यकर्त्यांच्या घरी काय घडते? पोळ्याच्या दिवशी बाहेरगावचे चार सहकारी न सांगता जेवायला येतात, चर्चा रंगते, आतून पोळ्या येत राहतात, आणि आत बसलेल्या बाईला चर्चेचा विषय काय होता हेही ठाऊक नसते. पुरण कमी पडले तर तीच ओशाळते.

म्हणून दोन गोष्टी आजच्या बैठकीत ठरवायच्या आहेत. कापूस वेचणी सुरू होण्यापूर्वी मजुरीचा दर ठरवताना पोळ्याचा एक आणि दिवाळीचे दोन दिवस भरपगारी सुट्टीचे मागायचे; शेतमालकांशी बोलायचे, ग्रामसभेत ठराव मांडायचा. बोलणी करायला बाया पुढे असतील. दुसरी गोष्ट, येत्या पोळ्याला मजूर वस्तीत पुरण एकत्र शिजवायचे. डाळ आणि गूळ वर्गणीतून येईल. मोठी भांडी मंदिरातून किंवा शाळेतून मिळू शकतील. पुरण वाटायचे, जाळ लावायचा, भांडी घासायची ही कामे पुरुषांकडे राहतील. पोळी लाटायला जमत नसेल त्यांनी आधी पंधरा दिवस घरी शिकून घ्यावे. ज्यांची नावे द्यायची असतील त्यांनी ती बैठक सुटण्यापूर्वी द्यावीत. वही दाराशी ठेवलेली आहे.