बांधावरचं वैर



बेंबळीच्या शिवारात राबणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सख्ख्या भावांची तोंडं फिरतात ती बहुधा बांधावरून. नांगराचं एक तास इकडचं तिकडं जातं, शब्दानं शब्द वाढतो. मग मोजणी, कोर्टाच्या तारखा, आणि एकमेकांच्या लग्नकार्याला न जाणं. जमीन वीतभर असते, पण डूख पोराबाळांपर्यंत पोचतो.

असंच एक भांडण सतराव्या शतकात देहूत कुंपणावरून झालं. महिपतींनी १७७४ साली रचलेल्या ‘भक्तलीलामृता’त ही कथा येते. मंबाजी गोसाव्यांच्या बागेचे काटे देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर आले होते. एकादशीला येणाऱ्या भाविकांच्या पायांत ते रुतू नयेत म्हणून तुकोबांनी ते बाजूला केले. मंबाजींनी काटेरी फांद्यांनीच त्यांना झोडपलं.

त्या रात्री मंबाजी कीर्तनाला आले नाहीत. तुकोबा स्वतः त्यांच्या घरी गेले, दोष आपल्याकडे घेतला, त्यांचं अंग चेपलं आणि त्यांना कीर्तनाला घेऊन आले.

मला त्या रात्रीचं तुकोबांचं जाणं फार मोठं वाटतं. आपल्यामुळं एक माणूस विठ्ठलाच्या दारी यायचा थांबला, हे त्यांना अंगावरच्या ओरखड्यांपेक्षा जास्त लागलं.

वैर न धरण्याची ही वाट तुकोबांच्या आधीपासूनची आहे. १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी करताना ज्ञानदेवांनी पसायदान मागितलं. त्यांच्या आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलं, असं परंपरा सांगते. तरी त्या मागण्यात कुणाचा नाश नाही. दुष्टाच्या मनातला दुष्टपणा जावा, एवढंच आहे.

आपण तुळजापूरच्या आईपुढं हात जोडतो. तिथं भावाचं वाटोळं कसं मागणार? तोही तिचंच लेकरू आहे.

हक्काची जमीन सोडा, असं मी म्हणत नाही. मोजणी करून घ्या, जो न्याय होईल तो माना. सूड मात्र देवाच्या पायाशी ठेवा. राग एका दिवसात जात नाही. म्हणून रोज संध्याकाळी हरिपाठ झाला, की ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या घराचंही भलं कर, असं देवाजवळ बोला. सुरुवातीला जीभ अडेल, तरी बोला.

आणि गावात सप्ताह बसला, की त्या घरी निरोप धाडू नका, बोलवायला स्वतः जा. तो आला नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा जा.

रामकृष्णहरी.